पूर्वाभिमुख फ्लॅटमधली गळती

१

रविवारी सकाळी मधुकरराव देवस्थळी घाटकोपरच्या आपल्या घरात पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरवत होते, तेवढ्यात मुलुंडहून चंद्रप्रकाश गुप्त्यांचा फोन आला. गुप्ते मोठ्या आवाजात बोलणारे नव्हतेच. ते इतकं हळू बोलत की समोरच्याला आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायला लागायचं.

"देवस्थळी, माझ्या उशीवर पाणी पडतंय," ते म्हणाले. "तुमच्या बेडरूममधून."

मधुकररावांचा खोबऱ्याचा हात तसाच राहिला. मुलुंड पूर्वेला 'स्नेहदीप' सोसायटीत त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून एक फ्लॅट घेऊन भाड्याने दिला होता. दुसरं घर म्हणजे घरबसल्या पेन्शन, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्या कोणाला तरी ते हल्ली शोधत होते. पहिल्या भाडेकरूने हॉलमध्ये रिक्षाचे टायर रचले. दुसरा एकटाच राहतो म्हणाला आणि आत पाच जण निघाले. तिसरी मुलगी इतकी गुणाची, की तिचं लगेच लग्न ठरलं आणि ती गेली. मग घर बरेच दिवस रिकामं. मधुकररावांच्या कंपनीत पेन्शन नव्हतं, नवराबायकोचा घरखर्च भाड्यावरच चालायचा, त्यामुळे ते रिकामे दिवस दोघांनाही फार जड गेले.

कुंदाताईंचा या फ्लॅटला पहिल्यापासून विरोध. एका घराचे नळ तुम्हाला दुरुस्त होत नाहीत, दुसरं कशाला, असं त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. शेवटी नवराबायकोत तह झाला: आता येतील ते भाडेकरू शेवटचे. तेही गेले तर फ्लॅट विकायचा. गिऱ्हाईक तयारच होतं. खालच्या मजल्यावरच्या गुप्त्यांना आपल्या मुलाच्या, ओजसच्या, लग्नाआधी वरचा फ्लॅट घेऊन मधून जिना काढायचा होता. भाव मात्र ते असा सांगत, की जणू मधुकरराव त्यांना फुकटात जुना सोफा देताहेत.

शेवटचे भाडेकरू म्हणजे निलेश धुरी, त्याची बायको रुचिरा आणि निलेशची आई मालनबाई. माणसं चांगली होती. आणि आता त्यांच्या बेडरूममधून पाणी गळत होतं. गंमत अशी, की बेडरूमच्या त्या कोपऱ्यात ना नळ, ना बाथरूम, ना साधा फुलदाणीत घातलेला पाण्याचा थेंब. तिथे फक्त एक पलंग होता.

मधुकररावांनी पोहे तसेच टाकले. फ्लॅट हातचा जाणार, हे त्यांना पायऱ्या उतरतानाच दिसायला लागलं.

२

'स्नेहदीप'मध्ये एखादी गोष्ट कळेनाशी झाली, की शकुताई टिपणिसांना बोलावतात. त्या विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायच्या. मालकांनी स्वतः जाळलेली गोदामं आपण दारातूनच वासावरून ओळखायचो, असं त्या स्वतःच सांगतात, आणि खोटं ठरवण्याची कोणाची टाप नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांची बुद्धी तशीच पडून होती. गळतीचं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मधुकररावांना त्यांचा रागच आला.

शकुताईंनी एकेकाला हॉलमध्ये बसवून विचारलं. निलेशची रात्रपाळी. तो सकाळी सातला येऊन झोपतो, म्हणून रुचिराने बेडरूमच्या खिडकीला जाड काळे पडदे लावलेत, नाहीतर सकाळी ऊन थेट त्याच्या तोंडावर येतं. त्याने पाणी सांडलं असतं तर तो आधी स्वतः भिजून उठला असता. रुचिरा म्हणाली, मी बेडरूममध्ये पाण्याची बाटलीसुद्धा नेत नाही. मालनबाई रोज अंघोळ झाली की त्याच बेडरूमच्या बाल्कनीत उभ्या राहून उगवत्या सूर्याला तांब्याभर अर्घ्य देतात. तांब्यावर शकुताई जरा रेंगाळल्या. पण अर्घ्याचं पाणी बाल्कनीच्या कुंड्यांत जायचं, आणि कुंड्या सुकलेल्याच होत्या.

"गळतं कधी?" शकुताईंनी गुप्त्यांना विचारलं.

गुप्ते म्हणाले, बुधवारी आणि रविवारी. एरवी कोरडं.

रुचिराचा चेहरा उतरला. बुधवारी आणि रविवारी ती वॉशिंग मशीन लावायची. पण मशीन बाल्कनीत, आणि बाल्कनी खडखडीत कोरडी. मशीनच्या पाण्याचा कॉक बाथरूममध्ये. कपडे धुऊन झाले की मालनबाई तो घट्ट बंद करून वर दोनदा हात लावून बघायच्या. कोकणातल्या विहिरीवर वाढलेल्या बाईच्या हातून पाणी वाया जाणं शक्य नव्हतं.

"देवस्थळी, बाथरूममधून बाल्कनीत पाणी जातं कुठून?" शकुताई म्हणाल्या. "बेडरूमच्या फरशीखालून तर नाही ना?"

"छे," मधुकरराव म्हणाले.

हे खोटं होतं. धुरी कुटुंब राहायला यायच्या आधी रुचिराने मशीनसाठी बाल्कनीत नळ मागितला होता. या फ्लॅटवर आता एक पैसाही घालायचा नाही, असा कुंदाताईंचा हुकूम होता. म्हणून मधुकररावांनी धोंडिराम प्लंबरला गुपचूप बोलावून बेडरूमच्या भिंतीलगत फरशीखालून पाइप नेला होता. घरी काही बोलले नव्हते. आता तोच पाइप अंगाशी आला, हे त्यांना कळून चुकलं, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. भाडेकरूंकडे बोट दाखवलं. आधी कधी गळत नव्हतं, हे लोक आल्यापासून गळतंय, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

 रुचिराने त्यांच्याकडे असं बघितलं, की मधुकररावांना आपली मान खाली घालावीशी वाटली. सोसायटीचा नेहमीचा प्लंबर म्हणून शकुताईंनी धोंडिरामलाच फोन लावला. तो पलीकडून एवढंच म्हणाला, हो, त्या बेडरूमच्या लाइनचं ना, येतो.

मधुकररावांची वाट लागली.

३

धोंडिरामने पलंग सरकवून उभा केला आणि कोपऱ्यातल्या फरशीवर छिन्नी टेकवून थांबला. सांधे बघा, म्हणाला. मी फरशी बसवली तेव्हा राखाडी सिमेंट भरलं होतं. इथे कोणीतरी पांढरं सिमेंट भरलंय, तेही इतकं साफ, की गवंडीसुद्धा करणार नाही. भाड्याच्या घरात एवढं निगुतीचं काम कोण करतं, हा प्रश्न त्याला मनापासून पडला होता.

पाइप टाकल्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवलं होतं, थेंबसुद्धा गळला नव्हता, असंही तो छातीवर हात ठेवून म्हणाला. म्हणजे भोक नंतर पडलं. शकुताईंनी मान डोलावली आणि फरशी उचलायला सांगितलं.

फरशी उचलली. खाली पाइप होता, आणि पाइपला छिन्नीच्या टोकाने पडलेलं बारीक भोक. पाइपशेजारी खणलेला लहानसा खड्डा. खड्ड्यात लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, भिजून चिंब. धोंडिरामने ते काढलं तेव्हा त्यातून कोंब फुटलेली धान्यं सांडली, हळदीचं पाणी ओघळलं, आणि शेवटी अंगठ्याएवढा तांब्याचा माणूस बाहेर आला.

"करणी," रुचिरा म्हणाली.

तिच्या तोंडून शब्द निघाला मात्र, खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा गुप्त्यांकडे वळल्या. हा फ्लॅट कोणाला हवा होता? भाडेकरू पळाले तर कोणाचं भलं होणार होतं? अडीअडचणीला म्हणून एक किल्ली कोणाकडे ठेवलेली होती? गुप्त्यांचा हळू आवाज आता अजिबातच येईनासा झाला. मालनबाईंनी मात्र पुतळ्याकडे निरखून बघितलं.

"ही करणी नाय," त्या म्हणाल्या. "पण देवाच्या उरार खाट घालून कोण निजात? माझ्या झिलाक हयसर रोज निजवलास तुमी." त्यांनी निलेशला हाताला धरून त्या खड्ड्यापासून मागे ओढलं.

रुचिराचं कशावरच लक्ष नव्हतं. तिने कपाटावरून बॅग काढली होती आणि ती कपडे भरायला लागली होती. निलेशने समजावून बघितलं. ती म्हणाली, वरून मालक आपल्याला चोर ठरवतात, खालून असले पुतळे निघतात, मी आज संध्याकाळपर्यंत या घरात थांबणार नाही. मधुकररावांना पलंगावर बसावंसं वाटलं, पण पलंग उभा करून ठेवलेला होता.

४

शकुताईंनी पुतळा धुतला, पुसला आणि हॉलमधल्या टीपॉयवर पालथा ठेवला. हा वास्तुपुरुष आहे, त्यांनी सांगितलं. करणीबिरणी काही नाही. वास्तुशांत करताना घराच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली, सप्तधान्यासकट पुरतात. घराला वाईट व्हावं म्हणून नव्हे, बरं व्हावं म्हणून. ज्याने हे केलं त्याला हे घर नांदतं हवं होतं.

रुचिराची बॅग अर्धी भरली होती. ती म्हणाली, पाच मिनिटं थांबते. गुप्त्यांना एवढ्या वेळात पहिल्यांदा श्वास घेता आला. मधुकररावांनी हात वर केले. आम्ही वास्तुशांत केलीच नव्हती, त्यांनी सांगितलं. भाड्यानेच द्यायचंय तर खर्च कशाला, असं मीच म्हटलं होतं.

"किल्ल्या कोणाकोणाकडे होत्या?" शकुताईंनी विचारलं.

एक मधुकररावांची, घाटकोपरच्या घरी खिळ्यावर लटकणारी. एक गुप्त्यांकडे. एक एजंट सुशांतकडे, ज्याने फ्लॅटची जाहिरात लिहिली होती. बाकीच्या धुरींकडे. शकुताईंनी सगळ्यांना कुंदाताई येईपर्यंत थांबायला सांगितलं. कुंदाताई निघाल्या होत्याच. नवरा उपाशी गेलाय म्हणून पोह्यांचा डबा घेऊन येत होत्या.

तोवर शकुताईंनी एक विचित्र प्रश्न विचारायला घेतला. एकेकाला बाल्कनीत नेऊन त्या विचारायच्या, या घराचं दार कुठल्या दिशेला आहे?

गुप्ते म्हणाले, उत्तरेला, माझंही तसंच आहे, माझ्या बेडरूममध्ये सकाळी ऊन येतं. मालनबाईंनी उत्तर द्यायच्या आधी सूर्याच्या नावाने हात जोडले आणि बाल्कनीकडे बोट करून म्हणाल्या, उगवत हयसून, मग दार उत्तरेक. सुशांतला फोन केला. तो हसायलाच लागला. म्हणाला, नॉर्थ फेसिंग आहे यार, पण काका म्हणाले ईस्ट लिही, मी लिहिलं, आपलं काय जातं. निलेशने सांगितलं, जाहिरातीत पूर्वाभिमुख होतं, पण पहिल्याच सकाळी डोळ्यावर ऊन आलं तेव्हा कळलं. म्हटलं जाऊ दे, काकांना दिशा कळत नसतील.

मधुकररावांचे कान तापले. पूर्वाभिमुख म्हटलं की फोन थांबत नाहीत, म्हणून त्यांनीच ते लिहायला लावलं होतं. मग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, आणि सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण वास्तुपुरुषाचा याच्याशी काय संबंध, हे त्यांना कळेना. शकुताई आपल्याला खोटारडं ठरवायला निघाल्यात आणि खऱ्या चोराचं नावच काढत नाहीत, असं वाटून ते मनातल्या मनात चिडले.

तेवढ्यात बेल वाजली. कुंदाताई डबा घेऊन आत आल्या, हॉलमध्ये जमलेली माणसं बघितली, टीपॉयवरचा पुतळा बघितला, आणि दारातच थांबल्या.

५

"कुंदाताई, बसा," शकुताई म्हणाल्या. "एकच विचारायचंय. या घराचं दार कुठल्या दिशेला?"

"पूर्वेला," कुंदाताई म्हणाल्या. "यांनीच सांगितलंय."

 मधुकररावांना एका क्षणात सगळं समजलं, आणि समजलं तसं ते उठून उभे राहिले. शकुताईंनी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, की वास्तुपुरुष मीच पुरला, पाइपही मीच फोडला, काय भरपाई असेल ती माझ्याकडून घ्या.

"तुम्ही नाही," शकुताई म्हणाल्या. "बसा खाली."

मग त्यांनी समजावलं. दारातून आत आलं की डाव्या हाताचा पहिला कोपरा म्हणजे ही बेडरूम. दार पूर्वेला असेल तर हा कोपरा आग्नेय होतो, वास्तुपुरुषाची जागा. पण दार आहे उत्तरेला, त्यामुळे हा कोपरा झाला ईशान्य. आग्नेय तिकडे, स्वयंपाकघरात. ज्याला खरी दिशा माहीत होती त्याने पुतळा स्वयंपाकघरात पुरला असता आणि पाइप वाचला असता. गुप्त्यांना माहीत होती, सुशांतला माहीत होती, मालनबाई रोज सूर्याला पाणी देतात, निलेशच्या तोंडावर ऊन येतं, आणि देवस्थळींना तर आपलंच खोटं माहीत होतं. इथे चूक फक्त त्याच्याच हातून झाली, जो या घरात कधी सकाळी राहिला नाही आणि ज्याने देवस्थळींच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

"देवस्थळी, अख्ख्या मुलुंडात आणि घाटकोपरात तसं माणूस एकच आहे," त्या म्हणाल्या.

कुंदाताईंनी डबा टीपॉयवर ठेवला. त्या हस्तकलेच्या शिक्षिका होत्या, घाटकोपरच्या घरातला प्रत्येक खिळा त्यांनीच ठोकलेला. पांढऱ्या सिमेंटचा सांधा कोणाचा, हे आता धोंडिरामलाही समजलं आणि त्याने आदराने मान हलवली. कुंदाताईंनी काही लपवलं नाही. घर रिकामं होतं तेव्हा हे रात्र रात्र जागे असायचे. एकदा म्हणाले, माझी अक्कलच कमी, मी उगाच घेतलं. असं हे कधी बोलत नाहीत. ते ऐकवलं नाही म्हणून फोनवर गुरुजींना विचारलं. गुरुजींनी विचारलं दार कुठे, मी म्हटलं पूर्वेला. त्यांनी आग्नेय कोपरा सांगितला. धुरींचं ठरलं, ते तरी टिकावेत म्हणून त्यांच्या येण्याआधी एका दुपारी किल्ली घेतली, छिन्नी घेतली आणि आले. खाली पाइप आहे हे मला कसं ठाऊक असणार, मला कोणी सांगितलं होतं?

मधुकररावांनी पाइपचं सांगितलं. मग दिशेचंही सांगितलं. कुंदाताईंना पाइपचं फारसं वाटलं नाही. पूर्वेचं ऐकून मात्र त्या नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणजे गुरुजींना मी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "देवाच्या बाबतीत. तुमच्यामुळे."

 मधुकररावांना लाज वाटली, फार वाटली. आपल्या सगळ्या थापा जगाने हसून सोडून दिल्या, आणि जिने खऱ्या मानल्या तिच्याच हातून चूक झाली, हे त्यांना गिळता येईना. त्यांनी निलेशकडे आणि रुचिराकडे बघितलं आणि म्हणाले, मघाशी मी तुमच्याकडे बोट दाखवलं, ते चुकलं. पाइप माझा होता. तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही, पण चूक तुमची म्हणून जाऊ नका.

 मालनबाई म्हणाल्या, ईशान्येक पाणी असाचा असता, ता असा, आणि आता देवाक स्वयंपाकघरात नेवा, मी पूजा सांगतंय. निलेशला हसू फुटलं. रुचिराने बॅगेतून कपडे काढायला सुरुवात केली. ते कपाटात ठेवता ठेवता तिने एवढंच सांगितलं, की पलंग आता दुसऱ्या भिंतीला लावायचा.

 आता प्रकरण मिटलंय तर व्यवहाराचं बोलून घेऊ, असं गुप्त्यांना वाटलं असावं. ते आपल्या हळू आवाजात म्हणाले, की देवस्थळी, या वयात एवढा ताप कशाला, पाइप, भाडेकरू, वास्तू. भावात मी थोडं वर यायला तयार आहे. मधुकररावांना त्या क्षणी ते बरोबरच वाटलं. आपल्याला घर सांभाळता येत नाही, हे आज सगळ्यांपुढे सिद्ध झालं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि हो म्हणणार होते.

"विकायचं नाही," कुंदाताई म्हणाल्या.

मधुकररावांनी वर बघितलं. त्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"घेताना माझं ऐकलं नाहीत," कुंदाताई म्हणाल्या. "आता विकताना ऐका."

मधुकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. गुप्त्यांनी छत कधी रंगवून देता एवढं विचारून घेतलं आणि खाली गेले. कुंदाताईंनी रुचिराकडे प्लेट मागितल्या आणि डब्यातले पोहे सगळ्यांना वाढले.